रंध्याचं वय सांगणारे मिस्त्री

मिस्त्रींच्या हातात रंधा दिला की ते आधी त्याचा वास घ्यायचे. नाकाशी धरून डोळे मिटायचे आणि आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगावं इतक्या सहज सांगायचे, "बोटीवरचा आहे. डांबर प्यायलाय." मग उजव्या हाताच्या करंगळीचं नख रंध्याच्या तोंडात घालायचे. तोंड म्हणजे तळाची ती फट, जिच्यातून पात्याची धार बाहेर डोकावते. नख किती आत जातं यावरून ते मनाशी काहीतरी हिशोब करायचे. त्यानंतर तळावरून तळहात फिरवायचे, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि सगळ्यात शेवटी रंध्याचं पुढचं टोक, ज्याला ते नाक म्हणत, उजेडाकडे करून मला हाक मारायचे, "कारकून, वाचा."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. थोडंफार इंग्रजी शिकलेला, नुकतं लग्न झालेला, आणि ठाण्याला खाडीकाठी एका गोऱ्या कंत्राटदाराच्या कारखान्यात हत्यारांच्या कोठीवर लागलेला. साहेब बंगले, दवाखाने, गोदामं बांधायचा. त्यांची दारं, खिडक्या, छपराच्या तुळया आमच्या कारखान्यात तयार व्हायच्या. तीसेक सुतार होते. मिस्त्री त्या सगळ्यांत म्हातारे. त्यांच्याकडे हत्यारांना धार लावायचं आणि मोडकी हत्यारं सुधारायचं काम होतं. कोठीच्या दारातच त्यांचा दगड आणि पाण्याचं घमेलं असायचं, त्यामुळे दिवसभर आमची गाठ.

मला लिहिता-वाचता येत होतं आणि रंध्यातलं काही कळत नव्हतं. त्यांचं नेमकं उलट. पण विलायती रंध्याच्या नाकावर कारखानदाराचं नाव ठोकलेलं असतं, ते त्यांना अक्षरं न येताही ओळखता यायचं. 'एच' म्हणजे शिडी, 'एस' म्हणजे साप, 'बी' म्हणजे दोन पोटांची बाई. "शिडी, मग अंडं, मग दोन डोंगर, आणि भोवती दातेरी चौकट. बरोबर?" असं ते विचारत. मी वाचून बघे. बरोबर असायचं. मग म्हणत, "चौकट आहे म्हणजे मुलाच्या वेळचा. बापाच्या वेळी चौकट नव्हती." हे त्यांना कोणी सांगितलं होतं असं नाही. चाळीस वर्षं हाताखालून गेलेल्या रंध्यांची अक्षरं आणि झीज त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिली होती, एवढंच.

नाकावर आणखीही नावं असत. कारखानदाराचं एकदाच, मधोमध, नीट ओळीत. बाकीची मालकांची, जागा मिळेल तिथे, वाकडीतिकडी, कधी एकमेकांवर चढलेली. "ज्या अक्षरांच्या कडा झिजून गोल झाल्यात तो मालक आधीचा. ज्याच्या कडा बोटाला लागतात तो नंतरचा," हे त्यांनी मला माझंच बोट धरून शिकवलं. "हा चार घरांत नांदलाय, कारकून. आणि तिसऱ्यानं ह्याचे फार हाल केलेत."

"हे कशावरून?"

"पातं घट्ट बसवायची पाचर बघा ना. डोकं ठेचलंय. रागीट माणूस होता."

कोणी नुसतं 'जुना रंधा' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "जुना म्हणजे किती जुना? तुमच्या आजोबांएवढा की कालच्या भाकरीएवढा?" असं ते फाडकन विचारत. मग स्वतःच समजावून सांगत. आजोबांच्या वेळचा असेल तर बहुधा एकच पातं असतं, जाड आणि लोहारानं घडवलेलं. पुढे पात्यावर दुसरं पातं स्क्रूनं बसवायची रीत आली. फार जुन्याच्या वरच्या कडा चपट्या तासलेल्या, नंतरच्यांच्या गोलसर. "पण पात्यावर जाऊ नका. पातं बदलतात. अंगावर जा."

त्यांच्या घरी मी एकदा गेलो होतो. कल्याणच्या बाजारामागे दोन खोल्या. त्यांची बायको मोठी हसरी बाई. मी विचारलं, "मिस्त्रींचं वय काय असेल हो?" त्या म्हणाल्या, "त्यांनाच विचारा. सगळ्या दुनियेच्या रंध्यांचं सांगतात. पोरगा किती वर्षांचा झाला विचारलं तर म्हणतात, कामाच्या बाकापेक्षा वर डोकं गेलंय त्याचं."

कल्याणच्या जुन्या लोखंडाच्या दुकानदारांना त्यांचा धाक वाटायचा. सुट्टीच्या दिवशी मिस्त्री तिथे जाऊन उभे राहत, ढिगातून एखादा रंधा उचलत, वास, नख, तळहात, सगळं यथासांग करून त्याची जन्मकथा दुकानदाराला ऐकवत आणि खाली ठेवून चालू लागत. विकत कधीच घेत नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडे दोन आहेत. तिसरा आणला तर तिघांपैकी एक बसून राहील, आणि बसलेल्याला कीड लागते." एकदा मात्र, मीही बरोबर असताना, एका दुकानदारानं खास त्यांच्यासाठी म्हणून एक अख्खा लोखंडी रंधा फडक्यात बांधून ठेवला होता. अमेरिकेचा. मागे पितळी चाक, ते फिरवलं की पातं आपोआप वरखाली होई. असा रंधा आम्ही दोघांनीही पूर्वी पाहिला नव्हता. त्याच्या अंगावर इंग्रजीत एक तारीख ओतलेली होती. मी ऐटीत वाचली आणि म्हणालो, "घ्या! ह्याला तुमचं नाक नको. ह्यानं वय स्वतःच सांगितलंय."

मिस्त्रींनी चाक फिरवलं, तळ पाहिला, कडेला राहिलेला काळा रंग नखानं खरवडला. "तारीख कितीची म्हणालात? म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नाच्या आसपासची. नाही कारकून. इतक्या वर्षांचा असता तर ह्या कोपऱ्यात रंग राहिला नसता. हा दोन पावसाळ्यांपलीकडचा नाही."

"पण लिहिलंय ना!"

"कशाची तारीख आहे ते लिहिलंय का?"

मी पुन्हा वाचलं. तारखेआधी एक शब्द होता, तो मी घाईत सोडून दिला होता. त्याचा अर्थ मी नंतर साहेबाला विचारला. साहेब म्हणाला, ती त्या युक्तीचा हक्क सरकारात नोंदल्याची तारीख. पुढे कितीही वर्षं रंधे ओतले तरी तीच राहते. मी हे मिस्त्रींना सांगितलं तेव्हा जिंकल्यासारखं काही त्यांनी केलं नाही. फक्त म्हणाले, "बघा, दोघं मिळून वाचलं की बरोबर येतं."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो.

आमच्या साहेबाचा एक भागीदार होता, तोही गोरा, मूळचा सुतार. तो तापानं गेला. त्याची हत्यारांची पेटी कोठीत माझ्या ताब्यात होती. त्याच्या विधवेनं विलायतेहून पत्र लिहून ती मागितली होती, आतल्या प्रत्येक रंध्याचं नाव घालून. मुलगा बापाचा धंदा शिकतोय, असं तिनं लिहिलं होतं. पेटी बोटीवर चढवायच्या आठवड्यात साहेबानं पत्र हातात धरून रंधे मोजले. एक लांब रंधा कमी भरला.

मुकादमानं सगळ्या सुतारांच्या पेट्या उघडायला लावल्या. जोमाच्या पेटीत एक लांब विलायती रंधा निघाला. नाकावर तेच कारखानदाराचं नाव.

जोमा कोपरचा. आगरी माणूस, अंगानं आडवा, तोंडानं फटकळ. मिस्त्रींची सगळ्यात जास्त टिंगल तोच करायचा; ते आले की नाक वर करून हुंगायचा आणि लोक हसायचे. त्याचा रंधा आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला होता, आणि त्याची गोष्टही ऐकलेली होती. खाडीवरचा रेल्वेचा पूल बांधत होते तेव्हा त्याचा बाप तिथे कामाला होता. एक गोरा सुतार जाताना आपला रंधा त्याला देऊन गेला. ह्यावर कोणाचा विश्वास नव्हता. गोरा माणूस आगऱ्याला रंधा कशाला देईल? त्याच्या तोंडावर लोक म्हणत, "तुझ्या बापानं ढापला असेल."

"माज्या बापासचा हाय तो, साहेब," जोमा सांगत होता. "चोरलेला नाय. बापूस खोटा बोलनारा नव्हता." त्याचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

साहेब इंजिनियर होता. इमारतीतलं त्याला कळे, रंध्यातलं नाही. भागीदाराच्या बाकी रंध्यांवर त्याच्या नावाची दोन अक्षरं होती, जोमाच्या रंध्यावर ती नव्हती. मुकादम म्हणाला, घासून काढली असतील. साहेबानं मिस्त्रींना बोलावलं, आणि दुभाषा म्हणून मला.

हरवलेला रंधा कुठे गेला ते मला माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी मीच पेटीतला एक रंधा, पात्याला गंज आला म्हणून, मिस्त्रींना दाखवायला काढून फळीवर ठेवला होता. मग कल्याणच्या बांधकामावरून निरोप आला, खडबडीत कामासाठी दोन-चार टाकाऊ रंधे पाठवा. मी फळीवरचे काळेकुट्ट दिसले ते उचलून गोणत्यात भरले आणि होडीवर दिले. साहेब पत्र वाचत असतानाच मला ते आठवलं. तोंड उघडायचं म्हणजे नोकरी जाणार. मी गप्प राहिलो.

मिस्त्रींनी नेहमीसारखा वास घेतला. या वेळी कोणी हसलं नाही. नख घातलं, तळहात फिरवला. मग म्हणाले, "साहेबांना सांगा, कारखाना तोच आहे. लाकूडही तेच, तिळासारखे ठिपके असलेलं."

जोमाचा चेहरा पडला. मुकादमानं मान डोलावली.

"आता पुढचं सांगा. ह्याच्या नाकावर काही घासलं असतं तर खालून पांढरं लाकूड दिसलं असतं. नाक सगळीकडे सारखं काळं आहे. अक्षरांना चौकट नाही, पेटीतल्या सगळ्यांना आहे. म्हणजे हा पेटीतल्या रंध्यांचा काका लागतो. आणि हे बघा." त्यांनी रंधा उलटा करून साहेबापुढे धरला. तळाला, तोंडाच्या अगदी पुढे, लाल-काळ्या लाकडाचा एक चौकोनी तुकडा बसवलेला होता. "तळ झिजला की तोंड रुंदावतं, आणि काम खडबडीत यायला लागतं. तेव्हा असं ठिगळ बसवतात. हा खैर आहे, आपल्या इकडचा. ठिगळ बसवताना बोटाएवढं जाड घेतात. तोंडातून वाकून बघा, आता ते वालाच्या दाण्याएवढं उरलंय. खैर इतका झिजायला रोज काम केलं तरी वीस वर्षं लागतात. साहेब, तुमचा रंधा गेल्या महिन्यात पेटीत होता."

मी इंग्रजीत सांगत गेलो, अडखळत. साहेबानं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रंधा स्वतःच्या हातानं जोमाला परत दिला. "हा माझा नाही," तो म्हणाला. "पण मग माझा कुठे आहे?"

मुकादम म्हणाला, ज्याला विलायती रंध्याची चटक आहे त्यानंच दुसराही नेला असेल. साहेबानं ठरवलं की गुरुवारपर्यंत रंधा मिळाला नाही तर पोलिसात कळवायचं, आणि तोवर जोमानं कामावर यायचं नाही. जोमा रंधा छातीशी धरून निघून गेला. मी कोठीत येऊन बसलो आणि हातात आलेला कागद नुसता धरून राहिलो. संध्याकाळी घरी बायकोनं विचारलं, बरं नाही का? हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दगड सोडून उठले. "कारकून, भरतीबरोबर लाकडाची होडी कल्याणला जातेय. तिथल्या हत्यारांची धार बघायचीय मला. नावं वाचायला तुम्ही चला. साहेबांना मी विचारलंय."

होडीत आम्ही सागाच्या फळ्यांवर बसलो होतो. दोन्ही काठांना मिठागरं, पाणी संथ. मिस्त्री काहीच विचारत नव्हते. कुठल्याशा रंध्याची गोष्ट सांगत होते, त्याचा मालक डावरा होता हे त्यांनी कसं ओळखलं त्याची. मला ऐकवेना. मुंब्र्याचा डोंगर समोर आला तेव्हा मी मध्येच म्हणालो, "मिस्त्री, तो रंधा मीच पाठवला कल्याणला. टाकाऊ समजून."

त्यांनी गोष्ट थांबवली. माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडेच पाहत राहिले. "मग उतरल्यावर आधी तोच शोधू," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "काल रात्री झोप लागली नसेल तुला." तोवर ते मला कधीही एकेरीत बोलले नव्हते.

रंधा मिळाला. त्यानं चुन्यानं माखलेल्या परांचीच्या फळ्या खरवडत होते. पात्याच्या धारेला तीन दाते पडले होते, अंगावर चुन्याचे डाग होते. मिस्त्रींनी तो त्या माणसाच्या हातातून असा काढून घेतला जसं कोणी रडणारं मूल घेतं. परतीच्या होडीत बरोबर आणलेला छोटा दगड मांडीवर घेऊन ते पातं घासत बसले. मी ओल्या फडक्यानं चुना पुसत होतो. नाकावरचा चुना निघाला तशी दोन अक्षरं वर आली. मी वाचायची गरज नव्हती.

"साहेबांना तुम्ही सांगाल का?" मी विचारलं. मला लाज वाटली, तरी विचारलं.

"मी दारापर्यंत येतो. आत तू जायचंस. मी सांगितलं तर तू पकडला गेलास असं होईल."

मी आत गेलो. साहेब ओरडला. इतका ओरडला की बाहेर काम थांबलं. चूक केलीस त्याचं काही नाही, तो म्हणाला, पण एक माणूस चोर ठरत असताना तू तिथे उभा राहून माझे शब्द त्याला सांगत होतास. त्यानं जोमाला बोलावणं पाठवलं, आणि सगळ्या सुतारांसमोर मला त्याची माफी मागायला लावली. मी हात जोडले. चूक माझी होती म्हणालो. जोमानं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला, आणि आपल्या बाकाशी जाऊन बापाचा रंधा चालवायला लागला. त्या दिवसानंतर मिस्त्री आले की हुंगून दाखवायचं त्यानं सोडलं.

माझी कोठी गेली. साहेबानं मला लाकडाच्या वखारीत उन्हात ओंडके मोजायला घातलं. माझ्या घरच्यांना ते फार लागलं. पण वखार मिस्त्रींच्या दगडापासून वीस पावलांवर होती, आणि दुपारच्या सुट्टीत ते मला बोलावून घेत. लाकूड कसं ओळखायचं ते त्यांनी मला त्या वर्षांत शिकवलं. आज कल्याणला माझी स्वतःची छोटी वखार आहे. लोक आपल्या घरची जुनी हत्यारं घेऊन येतात, ही कधीची, कुठली, विचारतात. मला मिस्त्रींच्या निम्मंही सांगता येत नाही. जे येत नाही ते येत नाही म्हणतो; तेही त्यांच्याकडूनच घेतलंय. एखाद्या रंध्यावर ते दोन-दोन दिवस घालवत आणि शेवटी म्हणत, "हा मला सांगत नाही. राहू दे."

ते गेले ते ह्या रंध्याच्या गोष्टीनंतर नऊ वर्षांनी, कल्याणलाच, दोन दिवसांच्या तापात. खाडीकाठच्या स्मशानात आम्ही कारखान्यातली जुनी माणसं जमलो होतो. जोमा कोपरहून चालत आला होता, केस पांढरे झालेले. सगळे पांगल्यावर आम्ही दोघंच घाटाच्या पायरीवर बसलो. इतक्या वर्षांत आम्ही त्या गोष्टीबद्दल कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "त्या दिवशी मिस्त्रींनी मला होडीत नेलं नसतं तर मी बोललो नसतो, जोमा."

"ठाव हाय," तो म्हणाला. "त्यांना पयल्याच दिवशी ठाव व्हतं. तुमी फळीवरशी रंधा गोणत्यात घातला, तो त्यांनी दगडावर बसल्याबसल्या बघितलेला. तवा त्यांना वाटलं, साहेबानी तुमाला सांगितलं आसंल."

मी त्याच्याकडे वळलो.

"त्याच सांजचे माज्याकडं आले. सांगतात कसे, जोमा, मी आत्ता जाऊन सांगू शकतो. तू सुटशील. पन पोरगा आयुष्यभर चोरावानी मान खाली घालून चालंल. त्याला दोन दिस दे. बुधवारपावेतो नाय बोलला, तर मी बोलतो."

"आणि तू हो म्हणालास?" मी विचारलं. "तुझ्या घरी पोलीस येणार होते. तुझी पोरं लहान होती. मी तुझा कोण लागत होतो?"

"तुमी कोन नाय लागत." जोमानं खाडीकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. "बायको तर बोलली, कशाला थांबताव. पन त्या मानसानी सकाळी साऱ्या गावाम्होरं, साहेबाम्होरं, माज्या बापासला खरा ठरवला व्हता. त्यानी दोन वरसं मागितली असती, तरी दिली असती मी."